जर्मनीत स्वतःहून नोकरी सोडली तर बेकारी भत्ता मिळतो का?

मिळतो, पण उशिरा मिळतो आणि कमी दिवस मिळतो. त्यातही जर्मनीत येऊन वर्ष-दीड वर्षच झालंय अशांचं नुकसान सगळ्यात मोठं, कारण त्यांचा मुळातला हक्कच तोकडा असतो आणि कात्री मात्र सगळ्यांना सारखीच लागते. हे नुकसान टाळता येतं किंवा निदान कमी करता येतं. त्यासाठीची धावपळ राजीनाम्यावर सही करण्याआधी करायची असते. सही झाल्यावर कितीही पोटतिडकीने अर्ज लिहिला, तरी आधी न केलेला कागद मागाहून उभा करता येत नाही.

भारतात राजीनामा म्हटलं की नोटीस पिरियड, पीएफ आणि रिलीव्हिंग लेटर एवढंच डोक्यात येतं. इथे राजीनाम्याची तारीख, त्यामागचं कारण आणि त्याचा पुरावा या तिन्ही गोष्टी एक सरकारी कार्यालय तपासतं. त्या कार्यालयाचं नाव आगेंटूर फ्यूर आर्बाइट. या लेखात त्याला नुसतं आगेंटूर म्हटलं आहे.

आधी पगारपत्रक काढा

ज्याला आपण भत्ता म्हणतो तो खरं तर विमा आहे. त्याचं नाव आर्बाइट्सलोझेनगेल्ट. त्यासाठी ढोबळ पगाराच्या, म्हणजे कपातीआधीच्या पूर्ण पगाराच्या, २.६ टक्के हप्ता जातो, निम्मा तुमच्या पगारातून आणि निम्मा कंपनीकडून. पगारपत्रकावर ही कपात 'एव्ही' या दोन अक्षरांपुढे दिसते. ती ओळ नसेल किंवा तिथे शून्य असेल, तर त्या महिन्याचा हक्क जमा झालेला नाही. डेप्युटेशनवर आलेल्यांनी ही ओळ सगळ्यात आधी तपासावी. पुण्यातून किंवा बंगळुरूतून पगार निघत असेल आणि इथे हप्ता जात नसेल, तर पुढचं वाचून फारसा उपयोग नाही. भारतातल्या नोकरीचे महिने यात धरले जात नाहीत.

पात्रतेची मुख्य अट अशी: मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने हा हप्ता भरलेला हवा. हे १२ महिने एकाच कंपनीतले असण्याची गरज नाही. नवख्यांचे हिशेब चुकतात ते तीन ठिकाणी.

शिकताना केलेली वेर्कश्टुडेंटची नोकरी यात मोजली जात नाही, कारण तिच्यातून पेन्शनचा हप्ता जातो, बेकारी विम्याचा जात नाही. मिनीजॉबचंही, म्हणजे अगदी कमी पगाराच्या छोट्या नोकरीचंही, तसंच. तिसरी चूक बिनपगारी रजेची. लग्नासाठी किंवा घरच्या कामासाठी दोन-अडीच महिने बिनपगारी रजा घेऊन भारतात गेलात, तर त्यातला पहिला एक महिनाच विम्यात धरला जातो, बाकीचे गळतात. 'मला बरोबर १२ महिने झाले' म्हणणाऱ्याचे प्रत्यक्षात साडेदहा-अकरा भरतात ते असे.

किती महिने भरले यावर किती महिने मिळणार हे ठरतं. पन्नाशीच्या आतल्यांसाठी पायऱ्या अशा आहेत: १२ महिने भरले तर ६ महिने मिळतात, १६ भरले तर ८, २० भरले तर १० आणि २४ भरले तर १२. मधल्या महिन्यांना काही मिळत नाही. म्हणून शेवटचा दिवस ठरवण्याआधी बोटं मोजा. १५ महिने झाले असतील तर आणखी एक महिना थांबल्याने २ महिन्यांचा हक्क वाढतो.

रक्कम साधारणपणे हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के असते, मूल असेल तर ६७ टक्के. हातात येणारा पगार म्हणजे तुमच्या खात्यात जमा होणारा आकडा नव्हे. आगेंटूर मागच्या वर्षाच्या सरासरी ढोबळ पगारातून सामाजिक विम्यापोटी सरसकट २० टक्के आणि तुमच्या करवर्गानुसार (लग्न झालंय का, जोडीदार कोणत्या वर्गात आहे यावरून ठरणारा कराचा गट) कर वजा करून स्वतःचा आकडा काढतं. नवरा-बायकोपैकी ज्याचा करवर्ग ५ आहे त्याला म्हणूनच धक्कादायक कमी पैसे मिळतात. पगार कितीही मोठा असला तरी हिशेबाला वरची मर्यादा आहे: २०२६ साली महिना ८,४५० युरो.

श्पेरत्साइट नेमकी काय कापते

स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला १२ आठवडे पैसे रोखून धरले जातात. या काळाला श्पेरत्साइट म्हणतात. बहुतेकांचा समज असा की १२ आठवडे थांबायचं आणि मग पूर्ण हक्क सुरू. तसं होत नाही. हे दिवस एकूण हक्कातूनही वजा होतात, आणि कापणी किमान एक चतुर्थांश असते.

समजा तुमचा रोजचा दर ६० युरो येतो. २४ महिने हप्ता भरलेल्याचे ३६० दिवस असतात. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, पण ३६० चा चतुर्थांश ९० होतो, म्हणून ९० दिवस जातात. उरतात २७०. नुकसान ५,४०० युरो. आता नवख्याचा हिशेब बघा. १२ महिने भरलेल्याचे १८० दिवस. त्यातून ८४ गेले, उरले ९६. नुकसान ५,०४० युरो, म्हणजे त्याच्या एकूण १०,८०० युरोंपैकी जवळजवळ निम्मे.

रोख पैशांची चणचण याहून लांबते, कारण हा पैसा महिना संपल्यावर मिळतो. नोकरीचा शेवटचा दिवस ३१ मार्च असेल तर श्पेरत्साइट १ एप्रिल ते २३ जून चालते. जूनअखेर ७ दिवसांचे ४२० युरो येतात आणि पहिला पूर्ण महिना जुलैअखेर हाती पडतो. मार्चचा पगार संपल्यापासून चार महिने घरभाडं आपल्या शिलकीतून भरायची तयारी हवी.

१२ आठवडे ही शिक्षा कधी कधी कमी होते. ती नोकरी तशीही ६ आठवड्यांत संपणारच होती, उदाहरणार्थ मुदतीचा करार संपत आला होता, तर ३ आठवडे. १२ आठवड्यांत संपणार होती तर ६ आठवडे. खास अडचणीची परिस्थिती मान्य झाली तरी ६.

एक कमी माहीत असलेली गोष्ट: राजीनाम्यानंतर वर्षाहून जास्त काळ उलटून गेल्यावर हक्क सुरू केला, तर चतुर्थांशाची कापणी होत नाही. मूल लहान आहे म्हणून मुद्दाम वर्षभर घरी राहणाऱ्याला याचा उपयोग आहे. नोकरीवरच व्हिसा टिकून असलेल्यांना ही चैन परवडत नाही.

कोणतं कारण चालतं

कायद्यात 'विश्टिगर ग्रुंड' असा शब्द आहे, म्हणजे महत्त्वाचं कारण. ते मान्य झालं तर श्पेरत्साइट लागतच नाही. आगेंटूरमधला माणूस दोन प्रश्न विचारतो. या परिस्थितीत तिथे आणखी थांबणं खरंच अशक्य होतं का? आणि सोडण्याआधी दुसरा मार्ग काढायचा प्रयत्न केला होता का? बहुतेक अर्ज दुसऱ्या प्रश्नावर पडतात. पुरावा देण्याची जबाबदारी तुमची असते.

तब्येत. काम झेपत नाही, झोप उडाली, पाठ गेली. राजीनाम्याआधी डॉक्टरकडे जा. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ मिळायला महिने लागतात, पण नेहमीचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे घराजवळचा फॅमिली डॉक्टर, हे लिहून देऊ शकतो. नुसतं आजारपणाचं सर्टिफिकेट पुरत नाही. हे विशिष्ट काम तब्येतीला अपायकारक आहे आणि ते सोडण्याचा वैद्यकीय सल्ला दिला आहे, असं त्यात हवं, आणि तारीख राजीनाम्याआधीची हवी. यासाठी आगेंटूरकडे छापील नमुना असतो, तो मागून घ्या. सोबत कंपनीला ईमेल करून दुसरं काम किंवा कमी तास मागितले होते, याची प्रत ठेवा.

पगार थकला. पहिला महिना चुकला की लगेच सोडू नका. लेखी मागणी करा, मुदत द्या, 'मुदतीत पगार न आल्यास नोकरी सोडेन' असं त्यात स्पष्ट लिहा. मुदत उलटली की मग राजीनामा. कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर वाट वेगळी: शेवटच्या ३ महिन्यांच्या थकलेल्या पगारापोटी इन्सॉलव्हेन्झगेल्ट मिळतं, मात्र त्याचा अर्ज २ महिन्यांच्या आत करावा लागतो.

छळ, अपमान, लैंगिक त्रास. इथे रोजनिशी कामी येते. तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण हजर होतं. नंतर एचआरकडे किंवा कामगार प्रतिनिधींच्या बेट्रीब्सराटकडे लेखी तक्रार. तक्रार केलीच नाही तर 'प्रयत्न केला नाही' हा शेरा ठरलेला. कामाच्या तासांचंही तसंच. कायद्याने दिवसाला ८ तास, सरासरी सांभाळून जास्तीत जास्त १०. रोज बारा तास राबवून घेत असतील तर तासांची नोंद ठेवा आणि आधी लेखी हरकत घ्या.

जोडीदाराकडे राहायला जाणं. नवरा हांबुर्गमध्ये आणि बायको म्युनिकमध्ये, हे कारण चांगलं चालतं. पण नव्या घरापासून जुन्या कचेरीत रोज जाणं-येणं शक्य नसलं पाहिजे. पूर्ण वेळ नोकरीसाठी रोजचे एकूण अडीच तास प्रवास वाजवी समजला जातो, त्याहून जास्त हवा. राजीनाम्याची तारीख आणि घर हलवण्याची तारीख जवळजवळ असावी, आणि नव्या शहरात आधीपासून अर्ज केल्याचे ईमेल दाखवता यावेत.

दुसरी नोकरी नक्की झाली होती आणि ती ऐन वेळी फिसकटली. करार किंवा पक्कं लेखी आश्वासन हातात असताना राजीनामा दिला असेल तर कारण धरलं जातं. 'एचआर फोनवर हो म्हणाले होते' हे धरलं जात नाही. इथे मुलाखतीनंतरचा गोड ईमेल आणि सही झालेला करार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता न चालणारी कारणं. पगार कमी, बढती नाही, साहेब चिडका, कामात मन रमत नाही, क्षेत्र बदलायचंय, पुढे शिकायचंय, प्रवास लांबचा पण नोकरी घेतानाच तो माहीत होता. यांपैकी कशानेही श्पेरत्साइट टळत नाही.

आईवडिलांच्या आजारपणासाठी भारतात जायचंय, हे कारण मात्र फसवं आहे. घरच्यांची शुश्रूषा हे कारण म्हणून मान्य होऊ शकतं, पण तुम्ही सोलापुरात असताना जर्मनीतल्या कामासाठी उपलब्ध नसता, आणि उपलब्ध नसलेल्याला पैसे मिळत नाहीत. अशा वेळी राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मागून बघा. जावंच लागलं तर दवाखान्याचे कागद भाषांतरासह जपा आणि परत आल्यावर नोंदणी करा. ३० महिन्यांची खिडकी तोवर उघडी आहे ना, तेवढं मोजा.

'समजुतीने सोडू या' म्हणाले तर

एके दिवशी एचआर बोलावतं, समोर दोन पानं ठेवतं, थोडी रक्कम देऊ करतं आणि म्हणतं, आपण चांगल्या शब्दांत वेगळे होऊ. या कागदाचं नाव आउफहेबुंग्जफरट्राग. त्यावर सही म्हणजे नोकरी संपवायला तुमची संमती, आणि आगेंटूरच्या लेखी ती राजीनाम्याइतकीच 'स्वतःहून'. त्याच खोलीत सही करू नका. घरी नेऊन वाचायला वेळ मागा. तो न देणारी कंपनी घाईत आहे, तुम्ही नसता.

हा करार श्पेरत्साइटशिवाय पार पडू शकतो, पण अटी चोख पाळाव्या लागतात. कंपनी एका ठरावीक तारखेला काढणारच होती, हे कागदावर हवं. कारण कंपनीचं किंवा प्रकृतीचं हवं, तुमच्या वागणुकीचं नको. नोटिशीचा पूर्ण काळ पाळलेला हवा. आणि भरपाई दर वर्षाच्या नोकरीमागे अर्ध्या महिन्याच्या पगारापर्यंत असावी. तेवढ्यात भागलं तर कंपनीचं काढणं कायदेशीर होतं का, याच्या खोलात आगेंटूर शिरत नाही. भरपाई त्याहून मोठी असेल तर शिरतं.

नोटिशीचा काळ पूर्ण न करता भरपाई घेतली तर श्पेरत्साइटच्या जोडीला आणखी एक थांबा लागतो. त्याला रूहेत्साइट म्हणतात. न घेतलेल्या सुट्ट्यांचे पैसे घेतले तरी तितके दिवस भत्ता पुढे ढकलला जातो. म्हणून सुट्ट्या विकण्यापेक्षा नोटिशीच्या काळात वापरलेल्या बऱ्या.

कंपनीला तुम्ही नकोसेच झाले असाल, तर त्यांना काढू द्या. कंपनीने कामाअभावी काढलं आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर त्याने श्पेरत्साइट लागत नाही. प्रोबेत्साइटमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षेच्या काळात, काढलं, कारण वागणुकीचं नसेल, तरीही नाही. मुदतीचा करार मुदतीने संपला तरी नाही. 'मीच जातो, पण कागदावर तुम्ही काढल्याचं लिहा' असा सौदा मात्र करू नका. आगेंटूर कंपनीलाही वेगळी प्रश्नावली पाठवतं, दोन उत्तरं जुळली नाहीत की पैसे परत करावे लागतात आणि खोट्या माहितीबद्दल दंडही होऊ शकतो.

राजीनामा आणि दोन नोंदण्या

पाऊल पहिलं, राजीनाम्याआधी आगेंटूरला फोन. मोफत क्रमांक ०८०० ४ ५५५५ ००. कारण सांगा, श्पेरत्साइट लागेल का विचारा, आणि हे संभाषण तुमच्या फाइलमध्ये नोंदवायला सांगा. फोनवरचं उत्तर बंधनकारक नसतं, पण 'आधी विचारलं होतं' याची नोंद राहते.

पाऊल दुसरं, राजीनामा कागदावर. जर्मन कायद्यात ईमेलने, व्हॉट्सॲपने किंवा स्कॅनने दिलेला राजीनामा ग्राह्य नाही. शाईची सही केलेला कागद पोचता करा आणि पोच घ्या. नोटिशीचा काळ करारात बघा. करारात काही नसेल तर कायद्याप्रमाणे ४ आठवडे, महिन्याच्या १५ तारखेला किंवा अखेरीला संपणारे. प्रोबेत्साइटमध्ये २ आठवडे.

पाऊल तिसरं, पहिली नोंदणी: आर्बाइटझूखेंड, म्हणजे 'काम शोधतोय'. नोकरी संपण्याच्या ३ महिने आधी ही करावी लागते. नोटिशीचा काळच त्याहून कमी असेल तर शेवटची तारीख कळल्यापासून ३ दिवसांत. फोनवर किंवा ऑनलाइन होते, पाच मिनिटांचं काम. विसरलात तर आणखी एक आठवड्याची श्पेरत्साइट, आधीच्या १२ ला जोडून.

पाऊल चौथं, दुसरी नोंदणी: आर्बाइट्सलोस, म्हणजे 'बेकार झालो'. पहिली केली म्हणजे ही झाली, असं धरून चालणारे दर महिन्याला पैसे घालवतात. ही नोंदणी बेकारीच्या पहिल्या दिवसापर्यंत हवी. ३ महिने आधीही करता येते. त्या दिवशी कार्यालय बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी चालते. उशीर झाला तर मधल्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. ती प्रत्यक्ष जाऊन करायची किंवा इलेक्ट्रॉनिक ओळखपत्राने ऑनलाइन. आपल्या प्लास्टिकच्या निवास परवान्यातही ही सोय असते, पण पिन चालू केलेला हवा. पिनचं पत्र कुठे ठेवलं ते शोधण्यात आठवडा जातो, म्हणून आधीच बघून ठेवा.

पाऊल पाचवं, प्रत्यक्ष अर्ज. सोबत राजीनाम्याची प्रत, नोकरीचा करार, पासपोर्ट, निवास परवाना आणि त्यासोबतचं अटींचं पान, करक्रमांक, बँकेचा आयबान. कंपनीकडून आर्बाइट्सबेशाइनिगुंग, म्हणजे नोकरीच्या तपशिलाचा दाखला, लागतो. कंपनीने तो आगेंटूरला थेट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायचा असतो. कंपन्या रेंगाळतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात लेखी आठवण द्या आणि त्यांनी कारण काय लिहिलंय याची प्रत मागा.

राजीनाम्याच्या प्रश्नावलीत कारण कसं लिहावं, यावर बरंच अवलंबून असतं. 'वातावरण चांगलं नव्हतं आणि खूप ताण होता' या वाक्यातून तपासणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्याऐवजी असं: '३ मार्चला आणि १७ मार्चला टीमसमोर वरिष्ठांनी शिवीगाळ केली, नोंद जोडली आहे. १९ मार्चला एचआरला लेखी तक्रार केली. २ एप्रिलला दुसऱ्या विभागात बदली मागितली, ९ एप्रिलला नकार आला. १४ एप्रिलला डॉक्टरांनी काम सोडण्याचा सल्ला दिला. २१ एप्रिलला राजीनामा.' तारीख, घटना, केलेला प्रयत्न, जोडलेला कागद. भावना अर्जाच्या बाहेर ठेवा. जर्मन कच्चं असेल तर कुणाकडून तरी तपासून घ्या, पण मजकूर तुमचाच असू द्या, कारण पुढे प्रश्न तुम्हालाच विचारतात.

विमा, व्हिसा आणि भारतवारी

नोंदणी केलेली असेल तर श्पेरत्साइटमध्येही सार्वजनिक आरोग्य विमा चालू राहतो. 'तसेही पैसे मिळणार नाहीत, मग नोंदणी कशाला' हा विचार म्हणून महागात पडतो. मात्र या काळात आजारी पडलात तर क्रांकेनगेल्ट, म्हणजे आजारपणातला पगार, मिळत नाही, आणि पेन्शनचे महिनेही भरत नाहीत. हक्कच नसेल, १२ महिने झालेलेच नसतील, तर विम्याचा हप्ता स्वतः भरायचा किंवा नोकरी करणाऱ्या जोडीदाराच्या सार्वजनिक विम्यात जायचं.

नोकरीसाठीचा निवास परवाना असेल तर नोकरी मुदतीआधी संपणार हे कळल्यापासून २ आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, तुम्हीच कळवायचं असतं. कंपनीही कळवते, पण ते तुमच्या बदल्यात धरत नाहीत. आर्बाइट्सलोझेनगेल्ट घेतल्याने व्हिसाला बाधा येत नाही, कारण तो तुमच्या हप्त्याचा पैसा आहे. करातून दिली जाणारी मूलभूत मदत ही निराळी गोष्ट. ती घेण्याआधी सल्ला घ्या.

ब्लू कार्डवाल्यांनी (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा निवास परवाना) दोन मुदती शेजारी मांडून बघाव्यात. युरोपीय संघाच्या २०२१ च्या निर्देशानुसार ब्लू कार्ड २ वर्षांहून कमी जुनं असेल तर बेकारीला ३ महिन्यांची सवलत आहे, त्याहून जुनं असेल तर ६ महिन्यांची. श्पेरत्साइट १२ आठवडे. म्हणजे नवख्या ब्लू कार्डवाल्याचे पैसे सुरू होईपर्यंत त्याची सवलत जवळजवळ संपलेली असते. पहिल्या दोन वर्षांत पुढची नोकरी हातात नसताना राजीनामा देणं म्हणूनच इतरांपेक्षा कितीतरी जोखमीचं.

पैसे चालू असताना भारतात जायचं तर आधी परवानगी, वर्षाला ३ आठवड्यांपर्यंत. सुरुवातीच्या ३ महिन्यांत ती सहसा देत नाहीत. न सांगता गेलात आणि नेमकं त्याच आठवड्यात मुलाखतीचं पत्र आलं, तर पैसे परत मागतात.

आठवड्याला १५ तासांहून कमी काम करायला हरकत नाही. त्यातले महिना १६५ युरो तुमचे, वरचे वजा होतात. भत्त्यावर कर नाही, पण वर्षात तो ४१० युरोंहून जास्त मिळाला तर करविवरण भरणं सक्तीचं होतं, आणि भत्त्यामुळे बाकीच्या कमाईवरचा कराचा दर चढतो. थोडे पैसे बाजूला काढून ठेवा.

बेशाइड आल्यावर

निर्णयाच्या पत्राला बेशाइड म्हणतात. त्यात आधी तीन आकडे बघा: श्पेरत्साइट कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण किती दिवस उरले, आणि रोजचा दर. करवर्ग आणि मुलाची टक्केवारी चुकलेली असण्याचं प्रमाण कमी नाही.

निर्णय पटला नाही तर पत्र मिळाल्यापासून एका महिन्यात विडरश्प्रुख, म्हणजे लेखी हरकत. साधा ईमेल पाठवू नका. सही केलेलं पत्र टपालाने, किंवा कार्यालयात देऊन पोच घ्या. कागद अजून गोळा व्हायचे असतील तर 'हरकत घेत आहे, कारणं सविस्तर पुढे पाठवतो' एवढं लिहूनही मुदत वाचवता येते. मग तुमच्या फाइलची प्रत मागा आणि कंपनीने त्यांच्या प्रश्नावलीत काय लिहिलंय ते वाचा. वाद बहुतेक वेळा तिथेच अडकलेला असतो. कंपनीने 'कर्मचाऱ्याच्या इच्छेने' असा एक चौकोन भरलेला असतो आणि तुमची तक्रार, तुमची बदलीची मागणी यांचा तिथे पत्ताच नसतो. त्या दोन ईमेलच्या प्रती जोडल्या की निर्णय बदलू शकतो.

हरकत फेटाळली तर पुढच्या एका महिन्यात झोत्सियालगेरिश्टमध्ये, म्हणजे सामाजिक न्यायालयात, दाद मागता येते. विमाधारकाला तिथे कोर्ट फी पडत नाही आणि पहिल्या पायरीवर वकील असलाच पाहिजे असंही नाही. तोवर दर महिन्याला नोकरीचे अर्ज करत राहा आणि त्यांची यादी ठेवा. आगेंटूर ती मागतं. पुरेसे प्रयत्न दिसले नाहीत तर २ आठवड्यांची नवी श्पेरत्साइट लागते, आणि अशा सगळ्या मिळून २१ आठवडे झाले की उरलेला हक्क संपतो.